तक्रार नेमकी द्यायची कुठे? कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आणि सरकारी दारं



मागच्या भागात आपण मोठ्या कार्यालयांमधल्या अंतर्गत समितीविषयी बोललो. आज त्यापुढचा प्रश्न घेऊ. जिथे अशी समितीच नाही, किंवा छळ करणारा खुद्द मालकच आहे, तिथल्या बाईने काय करायचं? उत्तर सोपं वाटतं. सरकारकडे जायचं. पण सरकार म्हणजे नेमकं कोण? पोलीस ठाणं? कलेक्टर कचेरी? महिला आयोग? कामगार कार्यालय? की दिल्लीचं ते पोर्टल?

मी एका जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर तीन वर्षं सदस्य होते. त्याआधी आणि त्यानंतरही अनेक जणींसोबत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. तक्रार मध्येच सोडून देणाऱ्या ज्या बायका मी पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच जणी छळ करणाऱ्याला घाबरलेल्या नव्हत्या. त्या हेलपाट्यांनी दमल्या होत्या. आणि हे हेलपाटे का होतात, त्याची कारणं कायद्यातच सापडतात. प्रत्येक सरकारी दाराला कायद्याने थोडीथोडी ताकद दिली आहे, कुणालाच पुरती नाही. आणि मुदत चुकल्याची शिक्षा मात्र एकट्या तक्रारदार बाईला आहे. या दोन गोष्टी आधीच माहीत असल्या तर त्रास संपत नाही, पण हातातले दिवस वाया जात नाहीत. आजचा भाग त्यासाठी.

हा कायदा आला कुठून

भंवरी देवी हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. राजस्थानातल्या भटेरी गावच्या. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या ‘साथिन’ म्हणून काम करत. १९९२ साली त्यांनी गावातला एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. पुढे तक्रार, वैद्यकीय तपासणी, जबाब, प्रत्येक पायरीवर अडवणूक झाली. तपासणी व्हायलाच दोन दिवसांहून अधिक वेळ गेला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं.

या बाई सरकारचंच काम करत होत्या. मग काम करताना त्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला. संसद कायदा करेपर्यंत प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. कायदा यायला पुढे सोळा वर्षं लागली. मधल्या काळात ही तत्त्वं पाळलीच जात नाहीत, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेणाऱ्यांत पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले होत्या. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या निकालात न्यायालयाने सरकारांना चांगलंच सुनावलं.

२०१३ मध्ये ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम’ आला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईसाठीही हीच स्थानिक समिती. दुकानं, दवाखाने, छोटे कारखाने, वकिलांची आणि सीएंची ऑफिसं, शिकवण्या, घरं, म्हणजे या देशातल्या बहुसंख्य कष्टकरी बायका जिथे राबतात ती सगळी ठिकाणं या एका समितीच्या पदरात टाकली आहेत. म्हणून ती समिती चालते की नाही, हा प्रश्न फार मोठा आहे.

पाच दारं, आणि प्रत्येकाची ताकद

आता दारं एकेक करून पाहू.

पहिलं, स्थानिक समिती. कायद्याप्रमाणे राज्य सरकारने जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी यांच्यापैकी एकाला ‘जिल्हा अधिकारी’ म्हणून नेमायचं. त्याने समिती स्थापन करायची. शिवाय प्रत्येक तालुक्यात आणि शहरात प्रभाग किंवा नगरपालिकेच्या पातळीवर एक नोडल अधिकारी नेमायचा, ज्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची. चौकशीत साक्षीदाराला बोलावणं आणि कागद मागवणं यासाठी समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण ती शिक्षा देत नाही, शिफारस करते. शिफारशीची अंमलबजावणी मालकाने किंवा जिल्हा अधिकाऱ्याने करायची.

दुसरं, पोलीस. लैंगिक छळ हा फौजदारी गुन्हाही आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-अ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आहे. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, इच्छेविरुद्ध अश्लील चित्रफीत दाखवणं यांना तीन वर्षांपर्यंत कैद, आणि अश्लील शेरेबाजीला एक वर्षापर्यंत. हा दखलपात्र गुन्हा आहे. ‘आधी कमिटीचा रिपोर्ट आणा’ असं ठाण्यात सांगतात, त्याला कायद्याचा आधार नाही. २०१३ च्या कायद्याचं कलम २८ स्पष्ट म्हणतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे. समिती आणि पोलीस, दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं.

तिसरं, महिला आयोग, राष्ट्रीय असो वा राज्याचा. आयोग माणसं बोलावू शकतो, पोलिसांकडून आणि कार्यालयाकडून अहवाल मागवू शकतो, दबाव आणू शकतो. कुणाला नोकरीवरून काढणं किंवा अटक करणं त्याच्या हातात नाही. आणि आयोगाकडे अर्ज केला म्हणून समितीकडची मुदत थांबते, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

चौथं, शी-बॉक्स हे केंद्र सरकारचं पोर्टल. २०१७ मध्ये सुरू झालं, ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या रूपात आलं. पोर्टल चौकशी करत नाही. ते तक्रार संबंधित समितीकडे पाठवतं आणि ती कुठवर आली हे दाखवतं. म्हणजे समितीच नसेल तर पोर्टलवरची तक्रारही वाट बघत बसते. मात्र ती दिली त्याची तारीख नोंदली जाते, आणि ही तारीख किती मोलाची आहे ते पुढे येईलच.

पाचवं, कामगार कार्यालय. बायका तिथे हमखास जातात, कारण नोकरीचा प्रश्न म्हटला की ते आठवतं. थकलेला पगार, बेकायदा काढून टाकणं यासाठी ते दार बरोबर आहे. पण या कायद्याखालच्या छळाची चौकशी करणारी समिती तिथे बसत नाही.

यात आणखी एक फट आहे. समजा कंपनीत चाळीस माणसं आहेत, पण मालकाने अंतर्गत समिती नेमलीच नाही. कलमाचे शब्द काटेकोर वाचले तर स्थानिक समितीकडे येतात त्या दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापना आणि मालकाविरुद्धच्या तक्रारी. मग ही चाळीस माणसांतली बाई कुठे जाणार? कार्यालयात समिती नाही, आणि कलेक्टर कचेरीत ‘तुमच्याकडे दहाच्या वर माणसं आहेत, तिकडेच जा’ हे उत्तर. ज्या मालकाने कायदा मोडला त्याचाच फायदा. समिती न नेमल्याबद्दल मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो आपोआप बसत नाही. त्यासाठी त्या बाईने, किंवा समितीने अधिकार दिलेल्या माणसाने, न्यायालयात तक्रार करावी लागते.

एका बाईचे दिवस

आता एक हकिगत सांगते. कलम १६ प्रमाणे तक्रारदाराची ओळख बाहेर जाता कामा नये. ओळख न देता न्याय मिळाल्याची माहिती मात्र सांगता येते. म्हणून गाव, राज्य, दुकान कशातलं, यातलं काही सांगणार नाही. मी तिथे समितीवर नव्हते, तिची सोबत म्हणून गेले होते.

मराठी बाई, लग्नानंतर परराज्यात राहणारी. एका घाऊक दुकानात हिशेब लिहायची. मालक धरून आठ माणसं. छळ करणारा मालकच. शेवटचा प्रसंग घडला त्या दिवसापासून मोजू, कारण कायदाही तिथूनच मोजतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. त्यापुढे नाही.

नवव्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. ‘हा तुमच्या कामाचा मामला आहे, पहिले कमिटीकडे जा.’ अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. सतराव्या दिवशी कामगार कार्यालय. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि हे आमच्याकडे येत नाही असं सांगितलं. मग कुठे येतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. पंचविसाव्या दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून राज्याच्या महिला आयोगाकडे अर्ज. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आपला अर्ज पोलिसांकडे अहवालासाठी पाठवला आहे. मग पोलीस दुकानात ‘सहज चौकशीला’ आले. मालकाला कळलं की बाईने तक्रार केली आहे. पुढच्या सोमवारी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

इथे थोडं थांबून बघा. छळ होऊन दीड महिना उलटला होता. तिने तीन कार्यालयं पालथी घातली होती. या सगळ्यातून बदललेली गोष्ट एकच, तिची नोकरी गेली.

बावन्नाव्या दिवशी ती कलेक्टर कचेरीत गेली. आवक-जावकच्या टेबलावरून महिला व बालविकासकडे, तिथून एका उपजिल्हाधिकाऱ्यांकडे, ते दौऱ्यावर, म्हणून परत खाली. शेवटी समजलं की जुन्या समितीची मुदत संपली आहे आणि नव्या समितीची फाईल सहीसाठी वर गेली आहे. ‘कमिटी झाली की या.’

साठाव्या दिवसाच्या सुमारास ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत अकरा कागद होते. तिने दिलेल्या अर्जांपैकी एकाच्याही प्रतीवर शिक्का नव्हता. महिला आयोगाचं पत्र सोडलं तर ती कुठेही गेली होती याला कागदावर पुरावा नव्हता.

आम्ही अर्ज नव्याने लिहिला. आधी मराठीत, तिच्या शब्दांत, मग त्या राज्याच्या भाषेत. कायद्यात भाषेची अट नाही, पण टेबलावरचा माणूस जे वाचू शकत नाही ते तो बाजूला ठेवतो, हा परराज्यात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. लिहिता न येणाऱ्या बाईला तक्रार लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, हेही इथेच सांगते. अर्ज समितीच्या नावाने न देता ‘जिल्हा अधिकारी’ या पदनामाने दिला, कारण समितीची मुदत संपते, पण ते पद रिकामं राहिलं तरी कलेक्टर कचेरी तिथेच असते. सहासष्टाव्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर. कारकून म्हणाला, समितीच नाही तर अर्ज घेऊ कसा? मी म्हटलं, बरोबर आहे, मग ‘समिती अस्तित्वात नसल्याने अर्ज स्वीकारला नाही’ एवढं या प्रतीवर लिहून सही करा. त्याने दोन मिनिटं कागदाकडे पाहिलं आणि आवकचा शिक्का मारला.

समिती त्यानंतर चार महिन्यांनी झाली. पहिल्याच सुनावणीत मालकाचं म्हणणं आलं की तक्रार मुदतीबाहेर आहे. तिने शिक्क्याची प्रत पुढे केली आणि तो मुद्दा तिथेच संपला. चौकशीअंती तक्रार खरी ठरली. समितीने नुकसानभरपाईची शिफारस केली. मालकाने पैसे देण्यात टाळाटाळ केल्यावर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करण्याचा आदेश निघाला, कारण कायद्यात तशी तरतूद आहे, आणि मग पैसे आले. नोकरी परत आली नाही. आज ती दुसरीकडे कमी पगारावर काम करते.

समिती आतून कशी दिसते

तुम्ही म्हणाल, समितीवरची माणसंच बेफिकीर. काही असतात. पण मी आतून जे पाहिलं तेही सांगायला हवं.

कायद्याप्रमाणे स्थानिक समितीची अध्यक्ष सामाजिक क्षेत्रातली नामवंत स्त्री असते. एक सदस्य त्या भागात नोकरी करणाऱ्या स्त्रियांपैकी, दोन सदस्य स्वयंसेवी संस्थांतून किंवा या विषयाचे जाणकार, आणि समाजकल्याण किंवा महिला व बालविकासचा अधिकारी पदसिद्ध. २०१३ च्या नियमांत अध्यक्षांना दिवसाला २५० रुपये आणि सदस्यांना २०० रुपये भत्ता लिहिला आहे. आमच्या समितीला स्वतःची खोली नव्हती, कारकून नव्हता. नोटीस टाइप कोण करणार आणि टपालाचा खर्च कुठल्या खात्यातून, यावर एक अख्खी बैठक गेली. पदसिद्ध अधिकाऱ्याकडे त्याच वेळी दुसऱ्या दोन खात्यांचा प्रभार होता. एका सुनावणीला तक्रारदार आणि जिच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्या माणसाचे नातेवाईक एकाच बाकावर बसले होते, कारण व्हरांड्यात बाक एकच होता.

म्हणजे कायद्याने समिती निर्माण केली, तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आणि बसायला खुर्ची द्यायची राहून गेली. मार्था फॅरेल फाउंडेशन या संस्थेने माहितीच्या अधिकारात ६५५ जिल्ह्यांना विचारलं होतं की स्थानिक समिती आहे का. ‘आहे’ असं कळवणारे जिल्हे २९ टक्के होते. निम्म्याहून अधिक जिल्ह्यांनी उत्तरच दिलं नाही.

मुदत कुणाला, मोकळीक कुणाला

या कायद्यातल्या मुदती ओळीने मांडून पाहा. बाईने तक्रार द्यायला तीन महिने. समितीने चौकशी पूर्ण करायला ९० दिवस. अहवाल द्यायला १० दिवस. कारवाई करायला ६० दिवस. अपिलाला ९० दिवस. कागदावर सगळ्यांनाच घड्याळ बांधलेलं दिसतं. पण बाईची मुदत चुकली तर तक्रार फेटाळली जाते. समितीची किंवा जिल्हा अधिकाऱ्याची मुदत चुकली तर काय होतं? दंडाचं कलम आहे ते मालकासाठी. चौकशीला नऊ महिने लावणाऱ्या समितीला किंवा समितीच न नेमणाऱ्या अधिकाऱ्याला या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही.

याचा चटका किती बसतो ते पाहा. कोलकात्यातल्या एका कायदा विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध स्थानिक समितीकडे तक्रार केली. छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा, तक्रार डिसेंबर २०२३ ची. सहा महिन्यांची कमाल मर्यादा उलटून गेली म्हणून समितीने ती घेतली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुदतीचा मुद्दा मान्य केला. मात्र हा निकाल त्या कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग राहील, असं न्यायालयाने बजावलं. कायदा शिकवणाऱ्या बाईच्या वाट्याला हे आलं, तर दुकानात हिशेब लिहिणारीची काय कथा?

आता दुसरी बाजू. उशीर झाला म्हणून समितीने घाई केली तर? गोव्यातलं प्रकरण याचं उत्तर देतं. तिथल्या विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये तक्रारी झाल्या. समितीने सुनावण्या भराभर उरकल्या, त्याला म्हणणं मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. त्याला बडतर्फ केलं गेलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली आणि चौकशी पुन्हा मागच्या टप्प्यावरून करायला सांगितली. चौदा वर्षांनी! म्हणून तक्रारदाराच्या बाजूने उभं राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. समोरच्याला तक्रारीची प्रत मिळाली का, उत्तराला वेळ मिळाला का, उलटतपासणीची संधी मिळाली का, हे समितीने नीट केलं तरच तिचा आदेश पुढे टिकतो.

याच गोव्याच्या प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तारखा घालून दिल्या. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या स्थापन करा, तालुक्यांत नोडल अधिकारी नेमा, त्यांची माहिती शी-बॉक्सवर टाका. कायदा लागू होऊन अकरा वर्षं झाल्यावर, कायद्यात आधीच लिहिलेलं काम करा, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

सरकारने स्वतःहून ऐकून घ्यायचं ठरवलं तरी कागद अडकतोच. केरळ सरकारने २०१७ मध्ये मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला न्यायमूर्ती हेमा समिती नेमली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. लोकांना तो वाचायला मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून, आणि माहिती आयोगाने आदेश दिल्यानंतर.

मग करायचं काय

आता कामाचं बोलू. हे लिहून ठेवा, आणि तुमच्यावर वेळ आली नसली तरी ओळखीच्या कुणासाठी जपून ठेवा.

पहिली गोष्ट, शेवटच्या प्रसंगाची तारीख लिहा आणि तिथून तीन महिने मोजा. प्रसंग, तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी वहीत किंवा स्वतःलाच ईमेल करून नोंदवा. मेसेज पुसू नका.

दुसरी गोष्ट, तक्रार सर्वात आधी योग्य समितीकडे द्या, बाकीची दारं नंतर किंवा सोबत. दहापेक्षा कमी माणसं किंवा मालकाविरुद्ध तक्रार असेल तर जिल्हा अधिकाऱ्याच्या पदनामाने, द्वारा जिल्हाधिकारी कार्यालय. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. सातवी प्रत स्वतःची, तिच्यावर शिक्का. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. शी-बॉक्सवरही टाका. कंपनी मोठी असूनही समिती नसेल, तर ‘समिती नाही’ हा वेगळा अर्ज जिल्हा अधिकाऱ्याकडे द्या. सरकारी नोकरीतल्या बायकांसाठी एक दिलासा. छळ करणारा दुसऱ्या खात्यातला असला तरी तुमच्याच खात्यातली समिती चौकशी करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तिसरी गोष्ट, चौकशी चालू असताना लेखी अर्ज करून अंतरिम दिलासा मागा. तुमची किंवा त्याची बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, तुमच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये अशी मनाई, हे समिती सुचवू शकते. मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही.

चौथी गोष्ट, पोलीस. या गुन्ह्यांत बाईची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायची असते, आणि नोंदीची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर तोच मजकूर लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हा मार्ग सांगितला आहे.

पाचवी गोष्ट, सलोखा. समिती तुमच्या विनंतीवरून तडजोड घडवू शकते, पण पैसे हा तिचा आधार असता कामा नये. ‘मिटवून टाका’ असं समितीने स्वतःहून म्हणणं कायद्यात बसत नाही. आणि ‘सिद्ध झालं नाही तर तुमच्यावरच कारवाई होईल’ अशी भीती कुणी घातली तर कलम १४ दाखवा. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असं तिथे लिहिलं आहे.

सहावी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी, जिच्यावर वेळ आलेली नाही तिच्यासाठीही, आणि पुरुषांसाठीही. तुमच्या जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करा. जिल्हा अधिकारी कोण? स्थानिक समिती कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला स्थापन झाली? मुदत कधी संपते? तालुक्याचा नोडल अधिकारी कोण? गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या? उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. हा अर्ज आज तुम्ही केलात, तर उद्या त्या टेबलावर जाणाऱ्या बाईला ‘समिती झाली की या’ हे ऐकावं लागणार नाही. जिचे नव्वद दिवस सुरू झाले आहेत तिच्याकडे या अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. आपल्याकडे असतो.

आणि कुणी तुम्हाला सोबत मागितली तर जा. फार बोलायची गरज नाही. शेजारी बसा, तारखा लिहून घ्या, शिक्का नीट उमटला आहे का ते बघा.

पुढच्या भागात घरकाम करणाऱ्या बायकांच्या तक्रारींबद्दल बोलू. तिथे समितीला प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवावं लागतं, आणि तिथल्या अडचणी आणखी वेगळ्या आहेत. तोवर नमस्कार.